खोलीचा आवाज

सकाळपासून दादा बाकांच्या रांगांमधून सातव्यांदा फिरून आला आणि सातव्यांदा त्याचा पाय कॅमेरावाल्याच्या वायरीत अडकला.

"बाबा, बसा ना जरा एका जागी," पाचर म्हणाला. पाचर म्हणजे दादाचा मुलगा. लहानपणी घरातल्या प्रत्येक भांडणात हा मध्ये घुसायचा, म्हणून त्याच्या आजोबांनी, नानांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. आता अठ्ठावीस वर्षांचा होऊन घरच्याच कारखान्यात सुतारकाम करत होता, तेव्हा नाव अगदीच वाया गेलं नव्हतं.

"बसतो कसला? साडेदहा झाले. अकराला ती येणार."

ती म्हणजे धाकटी, दादाची बहीण. बत्तीस वर्षांत तिच्याबद्दल घरात एवढंच बोललं गेलं होतं, आणि आजही दादाने आवाज खाली आणूनच ते म्हटलं.

खरं तर दोन दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. दूरचित्रवाणीची मंडळी आली, कारखान्यातले रंधे आणि पटाशा टिपून घेतल्या, दिवंगत नानांचा फोटो तिन्ही बाजूंनी घेतला. नाना मूळचे सुतार. देवाबद्दल फार बोलणाऱ्या लोकांचा त्यांना कंटाळा. म्हणून त्यांनी स्वतः उंच पाठीची बाकं केली, घरातल्या या खोलीत मांडली, खोलीला शांतघर म्हटलं, लोकांना त्यांवर बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. देव ज्याला उठवेल त्याने उभं राहायचं आणि बोलायचं. उभ्या माणसाला कोणी अडवायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, तो बोलेल ते खरं धरायचं. एवढाच धर्म. एवढ्याशा धर्मात माणसांनी किती गुंता करून ठेवावा याला काही मर्यादा?

गुंता पाठीपासून सुरू झाला. ज्याचा अपराध सभेत, म्हणजे या गप्प बसण्यात, उघड होईल त्याला पाठ मिळायची. म्हणजे तो खोलीत आला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करायची. बघायचं नाही, बोलायचं नाही. हाकलायचंही नाही. "आम्ही कोणाला घराबाहेर काढत नाही," असं नाना अभिमानाने सांगत. धाकटीला एकोणिसाव्या वर्षी पाठ मिळाली. अकरा महिने ती त्या पाठींच्या मधोमध बसून जेवली आणि मग एका सकाळी आपणहून निघून गेली. तिला कोणीच काढलं नव्हतं!

माहितीपट या पाठींबद्दलच होता, हे दादाला काल संध्याकाळी कळलं. दिग्दर्शिकेने गोड आवाजात सांगितलं, "उद्या तुमची बहीण येईल. दारात उभी राहील. तुम्ही नेहमी करता तेच करा, आम्ही फक्त टिपू." दादाची रात्रीची झोप उडाली. पाठ फिरवली तर सगळा देश बघणार. नाही फिरवली तर अनुयायी बघणार. एकेकाळी सहाशे होते, आता त्रेचाळीस उरलेत, आणि उरलेले सगळे कडक. इकडे आड, तिकडे विहीर.

पण दादाही नानांचाच मुलगा. पहाटे त्याला युक्ती सुचली.

"सर, आपण बाहेरच्या खोलीत करू या ना," दिग्दर्शिका तिसऱ्यांदा म्हणाली. "तिथे उजेड चांगला आहे. इथे सगळी बाकं भिंतीकडे तोंड करून. मला दारातून तुमची फक्त डोकी मिळतील. तीही मागून."

"डोकी चांगली आहेत आमची," दादा म्हणाला. "आणि घर आमचं आहे. बसणार तर शांतघरातच बसणार."

दिग्दर्शिका गेल्यावर दादाची बायको, सगळ्यांच्या वहिनी, जवळ आल्या. "अहो, म्हणजे आपण आधीच दाराकडे पाठ करून बसायचं?"

"मग? पाठ दिलीही, आणि दिली असं दिसलंही नाही. सापही मेला, काठीही मोडली नाही."

वहिनींना हसू आलं नाही. चौतीस वर्षांपूर्वी त्या या घरात लग्न करून आल्या तेव्हा त्यांना शांतघराची बाराखडीही येत नव्हती. आता नियमांच्या बाबतीत दादाही त्यांना विचारायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. वहिनींचे अजून संपले नव्हते. "पाठ द्यायची तर उठून, वळून द्यावी," त्या म्हणाल्या. "ही पळवाट झाली."

"अगं, एक दिवस. ही माणसं जाऊ देत, मग काय ते वळत बसू."

वहिनी गप्प राहिल्या. पण त्यांची गप्प बसण्याची तऱ्हा दादाला ठाऊक होती. तो आठव्यांदा बाकांमधून फिरायला निघाला.

*

आतल्या खोलीत मधली बहीण, ताई, आईचे केस विंचरत होती. आईचे केस विंचरायला आता दोन मिनिटं पुरत, पण आज पाव तास झाला तरी ताईचा हात थांबत नव्हता.

"टक्कल पाडतेस का माझं?" आई म्हणाली.

ताईने फणी खाली ठेवली, मग परत उचलली.

"कशी दिसत असेल गं ती?" आईने विचारलं.

ताई अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि आई एक्याऐंशीची. गुरुवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती, फार घाबरवलंही नव्हतं. पण आईने आपला हिशेब मनाशी केला होता. तिला धाकटीचं तोंड एकदा बघायचं होतं. एवढंच. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त ताईला, आणि ताईला नेमकं तेच ऐकायला नको होतं.

"मग बघ ना," ताई म्हणाली. "वळ आणि बघ. कोण काय करणार आहे तुला?"

"मला कोणी काही करणार नाही, तेच तर आहे." आईने मान हलवली. "माझ्याकडे बघून किती बायांनी आपापल्या पोरांकडे पाठ केली, माहीत आहे तुला? पुढच्या रांगेत मी बसायचे. मी हलले नाही म्हणून त्या हलल्या नाहीत. आज मी वळले तर त्यांना काय सांगू? की तुम्ही उगीच केलंत? माझं जमलं म्हणून मी बघून घेतलं?"

"आई..."

"धाकटीने ते पत्र लिहायला नको होतं. पण लिहिलं त्यात खोटं काय होतं, हेही मला कळत नाही. त्या नऊ वर्षांच्या मुलाला आठवडाभर पाठ दिली होती तुझ्या वडिलांनी. पुढे वर्षभर बोलला नाही तो. कोणीतरी लिहायलाच हवं होतं."

ताईच्या हातातून फणी पडली. वाकून उचलताना तिने बराच वेळ लावला.

ते पत्र वर्तमानपत्रात नाव न घालता छापून आलं होतं. नानांनी सभा बोलावली. कोणी लिहिलं, त्याने उभं राहावं, एवढंच म्हणाले. ताई तेव्हा सव्वीस वर्षांची. ती मुलांना शिकवायची. तो मुलगा तिच्याच वर्गातला. पत्र तिनेच लिहिलं होतं. ती उभी राहिली ती तेच सांगायला; "मी" म्हणायला तिने तोंड उघडलं. समोर नाना. आणि तोंडातून निघालं, "धाकटी. मी तिला लिहिताना पाहिलं." उभ्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. धाकटी शेजारीच बसली होती. तिने उत्तर दिलं नाही.

पहिला महिनाभर धाकटी जेवताना सगळ्यांच्या पाठींना सांगायची, मी नाही लिहिलं. मग तिने सांगणं सोडून दिलं. ताई मात्र अजून रोज ऐकत होती.

"उठ," आई म्हणाली. "नेऊन बसव मला. निदान आवाज तरी ऐकेन. कानांबद्दल तुझ्या वडिलांनी काही नियम केला नव्हता."

*

अकराला दोन मिनिटं असताना सगळे बसले. पुढच्या बाकावर आई, तिच्या एका बाजूला दादा आणि दुसऱ्या बाजूला वहिनी. ताई भिंतीलगतच्या टोकाला. पाचर मागच्या बाकावर एकटा. समोर पांढरी भिंत, मागे उघडं दार, दारापाशी कॅमेरा.

वहिनींनी डोळे मिटले. पायऱ्यांवर पावलं वाजली. जड, घाई नसलेली.

"आले गं आई," धाकटी म्हणाली.

जणू कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली होती. वहिनींना शेजारी आईचा श्वास अडकल्याचं जाणवलं. आईचा हात बाकाच्या कडेवर होता. तो घट्ट झाला. बाकी ती हलली नाही. पुढच्या रांगेत बसण्याची पन्नास वर्षांची सवय होती ती.

"अरे वा, सगळे आधीच तयार!" धाकटी म्हणाली. "ही अक्कल दादाची. लहानपणी लपाछपीतही हा राज्य यायच्या आधीच लपून बसायचा."

पाचरला मागे खुदकन हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

"खोकू नकोस, ओळखते मी तुला, तोंडवळा थेट दादाचा. मंगळवारी आठच्या फेरीला, डावीकडची तिसरी सीट." दारातून ऐकू आलं. "दादा, मुलाला रागावू नकोस. मी शहरात बस चालवते. हा कारखान्याच्या कामाला माझ्या बसने येतो, एक शब्द बोलत नाही. नियम मोडला नाही त्याने. पाठ माझी असते."

दादाचे कान लाल झाले. वहिनींनी डोळे उघडले नाहीत, पण मुलाची हजेरी मनातल्या मनात घेतली.

"पंचवीस वर्षं झाली बस चालवतेय. चाळीस-पन्नास माणसं रोज माझ्या पाठीमागे बसतात. माझी काही तक्रार नाही बाबा पाठींबद्दल. आरसा असतो." धाकटी थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाजातली मस्करी गेली होती. "आई, या बाई म्हणाल्या ऑपरेशन आहे. म्हणून आले. मला यांच्या सिनेमाशी काही देणंघेणं नाही. तुझी वेणी घातली आहे कोणीतरी. चांगली घातली आहे. बरी दिसतेस मागून."

नियम म्हणजे नियम, असं वहिनींनी स्वतःला सांगितलं. आणि या दहा मिनिटांत तेच त्यांनी स्वतःला चार वेळा सांगितलं.

कोणीच वळलं नाही. कोणीच बोललं नाही. शेवटी दिग्दर्शिकाच वैतागून म्हणाली, "कट." तिला पाच डोकी आणि एक खोकला मिळाला होता. दादाला हायसं वाटलं. जमलं! आता ही मंडळी वायरी गुंडाळून जातील, धाकटी जाईल, आणि दुपारी निवांत पडता येईल.

"मॅडम, निघायच्या आधी खोलीचा आवाज घेऊ द्या," आवाजवाला म्हणाला. हा एक बारीकसा माणूस होता, कानाला दोन मोठे गोळे लावलेला, दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलत होता.

"खोलीचा आवाज म्हणजे?" दादाने भिंतीकडे बघतच विचारलं.

"प्रत्येक खोलीला आपला एक आवाज असतो सर. रिकामा. फिल्म जोडताना लागतो, मध्ये मध्ये भरायला. काही नाही, सगळ्यांनी जसे आहात तसे एक मिनिट शांत बसायचं. दारातल्या बाई, तुम्हीही हलू नका."

"एवढंच ना," दादा म्हणाला. "ते येतं आम्हाला."

*

आवाजवाल्याने हात वर केला आणि खोली शांत झाली.

बारा वर्षांच्या नोकरीत त्याने अशी शांतता ऐकली नव्हती. माणसं एक मिनिटही धड गप्प बसत नाहीत. घसा साफ करतात, बूट घासतात, पोट वाजतं. इथे काहीच नाही. मिनिट झालं. त्याने हात खाली केला. "झालं, थँक यू," तो म्हणाला.

कोणी हललं नाही.

दादाला मिनिट झालेलं कळलं होतं. उठावं असंही त्याला वाटलं, पण पाय उठेनात. या बाकावर बसून गप्प राहिलं की तो कोणा आवाजवाल्याच्या हातावर उठत नसे. सगळ्यांत वडील माणूस "बरं" म्हणेपर्यंत सभा चालायची. पन्नास वर्षं शरीराने हेच केलं होतं. आणि आई "बरं" म्हणाली नाही. दोन मिनिटं झाली, चार झाली. दिग्दर्शिकेने आवाजवाल्याला खूण केली, चालू ठेव. दारात धाकटीनेही हात पुढे जोडून मान खाली घातली होती. तिलाही ही शांतता पाठ होती.

ताईच्या छातीत धडधड सुरू झाली. ती तिने ओळखली. सभेत उठायच्या आधी ती अशीच सुरू होते. बत्तीस वर्षांत ती अनेकदा आली होती आणि प्रत्येक वेळी ताईने गुडघ्यांवर हात दाबून ती जिरवली होती. आत्ता नको, तिने स्वतःला सांगितलं. ती मशीन चालू आहे. आईचं हृदय धड नाही. दादाने एवढी खटपट करून निभावलंय. सगळी कारणं बरोबर होती.

ताई उभी राहिली.

दादाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. ताई दोन पावलं चालून भिंतीपाशी गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"ते पत्र मी लिहिलं," ताई म्हणाली. "धाकटीने नाही. नानांनी विचारलं तेव्हा मी सांगायलाच उभी राहिले होते. घाबरले. नाव तिचं घेतलं. तिला पाठ मिळाली ती माझी होती."

बास. आणखी काय सांगणार? एवढ्याला बत्तीस वर्षं लागली आणि सांगून झालं तेव्हा चहासुद्धा गार झाला नसता.

सभेत खोटी साक्ष देणाऱ्याला काय मिळतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आवाजवाला सोडून.

पहिल्या उठल्या वहिनी. डोळे वाहत होते, पण उठल्या, आणि ताईकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वळल्या आणि समोर दार. दारात धाकटी.

"अगं बाई," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. "केस किती पांढरे झाले तुझे!"

"तुझेही," धाकटी म्हणाली. पण ती वहिनींकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, ताईकडे.

"बस खाली!" दादा ओरडला. "अगं, ही सभा नव्हती! त्या माणसाचं मिनिट होतं ते!"

"शांतता ती शांतता," वहिनी म्हणाल्या. "तीन माणसं गप्प बसली की सभा, हे नानांचंच वाक्य आहे. बाहेरच्या भिंतीवर कोरलंय तुम्हीच."

"पण आवाजवाल्याने सांगितलं म्हणून—"

"उठायला कोणी सांगितलं ताईंना? आवाजवाल्याने?"

"बाबा," पाचर मागून म्हणाला, "सभा नव्हती म्हटलं तर आत्याचं बोलणं धरायचं नाही. मग छोट्या आत्याची पाठ तशीच राहणार. सभा होती म्हटलं तर या आत्याला पाठ. एकीकडे तरी पाठ करावीच लागणार तुम्हाला. कुठे करता ते सांगा."

"तू मध्ये पडू नकोस!"

"माझं काम आहे ते."

"धाकटे," ताई भिंतीपाशी उभीच होती, "तुला काही बोलायचं असेल तर—"

"तू बोलू नकोस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला वाटायचं तुला खरंच तसं दिसलं असेल. रात्री मी काहीतरी लिहीत असेन आणि तुझा गैरसमज झाला असेल, असं मी बत्तीस वर्षं धरून चालले. माझी ताई खोटं बोलणार नाही म्हणून. मूर्ख मी."

*

आई अजून भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. समोर ताई उभी होती. आईच्या इतक्या समोर की तिच्या हनुवटीची थरथर दिसत होती. ही मुलगी रोज सकाळी औषधं देते. रात्री दोनदा उठून श्वास चालतो का बघते. आणि हिनेच.

आता वळायला हरकत नव्हती. उलट वळायलाच हवं होतं. नियमच तसा सांगत होता. ताईकडे पाठ केली की धाकटीचं तोंड दिसणार होतं. ज्यासाठी जीव एवढा अडकला होता ते देवाने ताटात वाढून ठेवलं होतं. फक्त एक मुलगी द्यायची आणि दुसरी घ्यायची.

आईला संताप आला. नवऱ्याचा आला, देवाचा आला, या बाकांचा आला. एक्याऐंशी वर्षांत ती एकदाही सभेत उभी राहिली नव्हती. संस्थापकाच्या बायकोला काय सांगायचं असणार?

ती वहिनींच्या हाताला धरून उठली.

उभ्या माणसाला अडवायचं नसतं. दादाचं उघडलेलं तोंड मिटलं.

"मला दोघी दिसल्या पाहिजेत," आई म्हणाली. "पाचर, हे बाक हलव. आडवं लाव. इकडे भिंत, इकडे दार."

"आजी, खुर्ची आणू का तुला?"

"खुर्चीवर मी एकटी बसेन. बाकावर सगळ्यांना बसता येईल. बाक हलव."

पाचर वाकून बघून आला. "हलणार नाही गं. पायांना खाली लोखंडी पट्ट्या आहेत, जमिनीत बोल्टने आवळल्या आहेत."

"मग सोडव."

तो कारखान्यातून पाना घेऊन आला, गुडघ्यांवर बसला आणि जोर लावू लागला. बोल्ट हलेना. पाचर लालबुंद झाला. कॅमेरावाल्याने विचारायला दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिने मान हलवली, पण नक्की हो की नको ते तिलाच कळलं नसावं. वहिनी दाराकडे तोंड करून उभ्या राहून रडत होत्या. आई एका हाताने बाकाला धरून उभी होती आणि तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"आई, बस तू आधी," धाकटी दारातून म्हणाली. "छातीत दुखेल."

"बाक हलल्यावर बसेन."

"गंजलेत मेले," पाचर दातओठ खाऊन म्हणाला.

दादा त्याच्या जागेवर तसाच बसून होता, भिंतीकडे बघत. दहा वर्षांचा असताना नानांच्या हाताखाली याच खोलीत त्याने बत्तीस बोल्ट बसवले होते. तेव्हा त्याने विचारलं होतं, नाना, असे का? आणि नाना म्हणाले होते, कोणी हलवायला गेलाच तर आणखी घट्ट व्हावेत म्हणून. त्या वेळी दादाला वडिलांच्या अकलेचं केवढं कौतुक वाटलं होतं! त्याने आईचा श्वास ऐकला. एक, दोन, तीन. पाना पुन्हा घसरला.

"उजवीकडे फिरव," दादा म्हणाला.

"काय?"

"आटे उलटे आहेत त्यांचे. उजवीकडे फिरवलं की सुटतात."

पाचरने पाना उलटा लावला आणि बोल्ट किंचित करकरला, मग मुकाट्याने सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला दादा उठला, मुलाच्या शेजारी जमिनीवर बसला आणि पट्टी दाबून धरली. चारही सुटल्यावर दोघांनी मिळून बाक सरकवलं. फरशीवर पन्नास वर्षांचा पांढरा चट्टा उघडा पडला.

आई बसली. तिने आधी उजवीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. दारात एक्कावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, ड्रायव्हरच्या खाकी शर्टातली बाई उभी होती आणि ओठ दाबून धरत होती.

"जाड झालीस," आई म्हणाली.

"बसून बसून," धाकटी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

"ये. बस इथे."

"तिच्याजवळ मी बसणार नाही."

"माझ्याजवळ बस. तिच्याजवळ बसायला कोण सांगतंय तुला?"

धाकटी आली आणि बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसली. आईने तिचा हात धरला. मग तो न सोडता तिने मान डावीकडे वळवली. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते. पाठींची वाट बघत असावी.

"डोळे उघड," आई म्हणाली. "मला तुझ्याशी भांडायचंय. खूप भांडायचंय. गुरुवारपर्यंत पुरणार नाही एवढं. असं लांबून कसं भांडू? जवळ ये."

ताई भिंतीपासून सुटली आणि आईच्या समोर येऊन उभी राहिली.